जमीन तुमची, सातबारा तुमचा, पण बांधायचं नाही! आरक्षण टाकलं तर सरकारला भरपाई कधी द्यावी लागते?

फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्या एका प्लॉटचा निकाल दिला. प्रकरणाचं नाव निर्मिती डेव्हलपर्स विरुद्ध महाराष्ट्र शासन. हा प्लॉट विकास आराखड्यात तब्बल ३३ वर्षं आरक्षित होता. सरकारनं तो विकत घेतला नाही आणि मूळ मालकांना वापरूही दिला नाही. पुढे त्यांनी जमीन विकली, तर घेणाऱ्यांचीही तीच गत झाली. जमीन कुणाला अमुक प्रकारे वापरू नकोस असं अनिश्चित काळ सांगत राहता येणार नाही, असं कोर्टानं ठणकावलं आणि आरक्षण संपल्याचं जाहीर केलं.

बातमी आली आणि सोशल मीडियावर एकच प्रश्न फिरायला लागला. ३३ वर्षांचं नुकसान कोण भरून देणार?

याचं सरळ उत्तर 'कुणीच नाही' असं आहे. आरक्षण सुटलं, जमीन मोकळी झाली, पण मधल्या वर्षांचे पैसे मिळण्याची सोय आपल्या नगररचना कायद्यात नाही. हे असं का आहे, हे समजून घ्यायचं तर आधी एक गोंधळ दूर करावा लागतो.

झोन वेगळा, आरक्षण वेगळं

महापालिकेतून किंवा नगररचना कार्यालयातून झोन दाखला काढला की त्यावर साधारण दोन गोष्टी कळतात. पहिली, जमीन कुठल्या विभागात येते. रहिवास, वाणिज्य, औद्योगिक, शेती किंवा ना-विकास. दुसरी, त्यावर एखादं आरक्षण आहे का. बाग, शाळा, दवाखाना, खेळाचं मैदान, रस्ता वगैरे.

लोक दोन्हीला सरसकट 'आरक्षण पडलं' म्हणतात. कायदा मात्र दोन्हीकडे फार वेगळ्या नजरेनं पाहतो.

झोन हा सगळ्या परिसराला लागणारा नियम आहे. शेती विभागात सात मजली इमारत बांधता येत नाही, पण शेती करता येते. शेजाऱ्यालाही तोच नियम आहे. त्यामुळे 'माझी जमीन रहिवास विभागात असती तर कोटींना गेली असती' हा युक्तिवाद भरपाईसाठी चालत नाही. कारण ते कोटी कधी हातात आलेलेच नव्हते.

आरक्षण मात्र नेमक्या गट नंबरवर बसतं. गावातल्या शंभर प्लॉटपैकी एकावर बाग. बागेचा फायदा शंभरांना आणि किंमत मोजणार एक जण. इथे सरकार प्रत्यक्षात सांगत असतं की ही जमीन आम्हाला हवी आहे, आज नाही तर उद्या घेऊ, तोवर हात लावू नका. म्हणून भरपाईचा प्रश्न कायदेशीरदृष्ट्या जिवंत होतो तो इथे.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, म्हणजे ज्याला सगळे एमआरटीपी कायदा म्हणतात, त्यात यावर उपाय आहे. आरक्षित जमीन घ्यायचे तीन मार्ग कलम १२६ मध्ये दिले आहेत. मालकाशी बोलून रोख पैसे देऊन, पैशांऐवजी एफएसआय किंवा टीडीआर देऊन, किंवा मग सरळ भूसंपादन करून.

भूसंपादन महागात पडतं. २०१३ च्या केंद्रीय कायद्यानुसार शहरात बाजारभाव आणि त्यावर तेवढाच दिलासा, म्हणजे साधारण दुप्पट रक्कम द्यावी लागते. विकास आराखड्यात शेकडो आरक्षणं असतात. ती सगळी या भावानं घ्यायची म्हटलं तर बऱ्याच महापालिकांची तिजोरी पुरणार नाही. मग काय होतं? आरक्षण नकाशावर राहतं, जमीन जागच्या जागी राहते आणि मालक फाईल घेऊन फेऱ्या मारत राहतो.

दहा वर्षं, मग नोटीस, मग चोवीस महिने

अशा मालकासाठी कलम १२७ आहे. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालक नियोजन प्राधिकरणाला नोटीस देऊ शकतो. सोबत मालकी हक्काची कागदपत्रं जोडावी लागतात. नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीत संपादन झालं नाही किंवा त्याची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप गळून पडतं. त्यानंतर शेजारच्या जमिनीला जो वापर चालतो, तोच या जमिनीलाही चालतो.

ही 'ठरलेली मुदत' कशी बदलत गेली ते बघण्यासारखं आहे. मूळ कायद्यात ती ६ महिने होती. २००९ मध्ये ती १२ महिने झाली. २०१५ मध्ये २४ महिने. म्हणजे मालकानं दहा वर्षं थांबल्यावर वर आणखी दोन वर्षं. दर वेळी मुदत वाढली ती सरकारच्या बाजूनं. मालकाची दहा वर्षं मात्र कधी आठ झाली नाहीत.

त्यातही एक युक्ती वर्षानुवर्षं चालली. मालकाची नोटीस आली की महापालिका सर्वसाधारण सभेत ठराव करायची, जिल्हाधिकाऱ्यांना एक पत्र पाठवायची आणि कोर्टात सांगायची की आम्ही 'पावलं उचलली'. २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं हे बंद केलं. नुसता ठराव किंवा पत्रव्यवहार म्हणजे पाऊल नाही, संपादनापर्यंत नेणारी ठोस कृती हवी, असा त्या निकालाचा अर्थ. २०१३ मध्ये श्रीरामपूर नगरपालिकेच्या खटल्यात कोर्टानं हीच भूमिका पुन्हा उचलून धरली.

दुसरी युक्ती आराखडा सुधारण्याची. आराखड्याचा नवा मसुदा काढायचा, त्यात तेच आरक्षण पुन्हा दाखवायचं आणि म्हणायचं की घड्याळ आता नव्यानं सुरू झालं. गुजरातच्या कायद्यात अशीच तरतूद आहे. तिथल्या भावनगर विद्यापीठाच्या खटल्यात २००२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आराखडा सुधारायला घेतला एवढ्यावर मालकाचा मिळालेला हक्क पुसला जात नाही.

कलम ४९ चा मार्ग त्यामानानं कमी लोकांना माहीत आहे. आरक्षणामुळे बांधकाम परवानगी नाकारली गेली आणि आहे त्या स्थितीत जमिनीचा काही उपयोग उरला नाही, तर मालक उलट सरकारलाच खरेदी सूचना देऊ शकतो. म्हणजे 'तुम्हाला हवी आहे ना, मग घ्या विकत'. राज्य सरकारनं सहा महिन्यांत त्यावर अंतिम आदेश दिला नाही, तर सूचना मान्य झाली असं धरलं जातं. मान्य झाल्यावर वर्षभरात संपादनाचा अर्ज केला नाही, तर आरक्षण जातं. यात दहा वर्षं वाट बघायची अट नाही. मात्र उपयोगच उरला नाही हे दाखवणं सोपं नसतं.

दोन्ही कलमांचं सूत्र एकच आहे. घ्या तरी, नाहीतर सोडा तरी. निर्बंधाचे पैसे मात्र कुठेच नाहीत. वीस वर्षं जमीन अडकली, मुलीचं लग्न कर्ज काढून झालं, वाटण्या रखडल्या, याचा हिशेब कायदा करत नाही.

सोलापूरची जुनी गिरणी आणि घटनादुरुस्ती

भारतात हे नेहमीच असं नव्हतं. एक काळ असा होता की मालकी न घेता नुसते हक्क आवळले तरी ते संपादनच, असं आपलं सुप्रीम कोर्ट म्हणत होतं. तो खटला सोलापूरचा आहे.

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे सोलापूरकरांची जुनी गिरणी, १९४९ मध्ये बंद पडली. हजारो कामगारांचा प्रश्न होता. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारनं अध्यादेश काढून गिरणीचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं आणि आपले संचालक नेमले. कागदावर कंपनी भागधारकांचीच राहिली. पण या नव्या संचालकांनी प्रेफरन्स शेअरवाल्यांना उरलेली रक्कम भरायला सांगितली, तेव्हा द्वारकादास श्रीनिवास हे भागधारक कोर्टात गेले.

डिसेंबर १९५३ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. मालकी नावापुरती ठेवून तिच्यातला जीव काढून घेतला, तर ते हिरावणंच आहे आणि त्याला भरपाई द्यावी लागेल, असं त्याचं सार होतं.

दिल्लीत या निकालानं खळबळ उडाली. प्रत्येक नियंत्रणासाठी भरपाई द्यायची तर समाजवादी धोरणं राबवणार कशी? १९५५ मध्ये चौथी घटनादुरुस्ती झाली. तिनं कलम ३१ मध्ये स्पष्टच लिहिलं की मालकी किंवा ताबा सरकारकडे जात नसेल, तर त्याला सक्तीचं संपादन मानायचं नाही, मग मालकाचं कितीही नुकसान होवो. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं कलम ३१ च काढून टाकलं. मालमत्तेचा मूलभूत हक्क गेला आणि त्याच्या जागी कलम ३००अ आलं. कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता हिरावता येणार नाही, एवढंच ते सांगतं. त्यात भरपाई हा शब्दही नाही.

म्हणजे गंमत बघा. ज्या कलमानं मालकांचा रस्ता बंद केला होता, ते कलमही आता नाही. मधली जागा मोकळी आहे आणि कोर्टं ती हळूहळू भरत आहेत. २०११ मध्ये के. टी. प्लांटेशनच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की भरपाई कलम ३००अ मध्ये लिहिलेली नसली तरी त्यातून निघू शकते आणि शून्य भरपाई दिली तर सरकारला त्याचं समर्थन करावं लागेल. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिका विरुद्ध बिमल कुमार शाह या खटल्यात कोर्टानं आणखी पुढे जाऊन या कलमात सात उपहक्क आहेत असं म्हटलं. नोटीस, सुनावणी, कारणांसह निर्णय, सार्वजनिक हेतू, वाजवी भरपाई, वेळेत प्रक्रिया आणि ती शेवटाला नेणं. तो खटलाही एका बागेसाठी घेतलेल्या जमिनीचाच होता.

आणि त्याआधी २००५ मध्ये, पुण्यातल्या राजू जेठमलानी प्रकरणात, कोर्टानं साधी गोष्ट साध्या शब्दांत मांडली होती. खासगी जमीन आराखड्यात बाग म्हणून दाखवायला हरकत नाही, पण ती संपादित केल्याशिवाय मालकाला वापरापासून रोखता येत नाही.

अमेरिकेतलं एक स्टेशन आणि आपला टीडीआर

अमेरिकेच्या घटनेत खासगी मालमत्ता घेतली तर न्याय्य मोबदला द्यावाच लागतो. पण 'घेणं' म्हणजे काय यावर तिथे शंभर वर्षं भांडण चालू आहे. १९२२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा कंपनीच्या खटल्यात न्यायमूर्ती होम्स यांनी म्हटलं की निर्बंध प्रमाणाबाहेर गेला तर तो घेणंच समजला जाईल. प्रमाण म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही. वकिलांची तेव्हापासून चांदी आहे.

आपल्याशी थेट नातं सांगणारा खटला १९७८ चा आहे. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनला वारसा इमारतीचा दर्जा मिळाला. मालक रेल्वे कंपनीला वर पन्नासहून जास्त मजल्यांचा टॉवर उभारायचा होता. शहरानं परवानगी नाकारली. कंपनी म्हणाली, आमचं वरचं आकाश तुम्ही घेतलंत, पैसे द्या. कोर्टानं सहा विरुद्ध तीन मतांनी नकार दिला. स्टेशन चालू आहे, त्यातून कमाई होते आणि वर न बांधता आलेलं क्षेत्र आसपासच्या प्लॉटवर हलवता येतं, तेव्हा हे घेणं नाही.

हे 'हलवता येणारं क्षेत्र' म्हणजे टीडीआर. मुंबईत तो १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनं आला. न्यूयॉर्कमध्ये तो वारसा इमारतीच्या मालकाला दिलेला दिलासा होता. आपल्याकडे तो जमीन घेण्याचं चलन झाला. महापालिकेला एक रुपया खर्च न करता रस्ता मिळतो आणि मालकाला एक प्रमाणपत्र मिळतं, जे तो बिल्डरला विकतो. बाजार तेजीत असेल तर दोघंही खूश. मंदी असेल, किंवा सरकारनं प्रीमियम एफएसआय स्वस्त केला, तर तेच प्रमाणपत्र कपाटात पडून राहतं. रोख भरपाईचा भाव असा रातोरात पडत नाही, एवढा फरक लक्षात ठेवायला हवा.

१९९२ चा लुकास खटला किनारपट्टीवरच्या लोकांना जवळचा वाटेल. साउथ कॅरोलायनात एकानं समुद्राकाठचे दोन प्लॉट पावणेदहा लाख डॉलरला घेतले. दोन वर्षांनी राज्यानं कायदा करून तिथे बांधकाम बंद केलं. कोर्ट म्हणालं, जमिनीचं आर्थिक मूल्य पूर्ण संपलं तर भरपाई द्यावीच लागेल. राज्यानं शेवटी प्लॉट विकत घेतले आणि मग पैसे वसूल करायला ते बांधकामासाठीच विकून टाकले! किनारा वाचवायचा कायदा स्वतःच्या खिशाला झळ बसताच कसा मऊ होतो, याचं इतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

आपल्याकडेही निर्बंधाचे पैसे मिळतात, पण निवडक

निर्बंधासाठी भरपाई ही कल्पना भारतीय कायद्याला अगदीच परकी नाही. १९०३ चा संरक्षण बांधकाम कायदा बघा. लष्करी ठिकाणाभोवती बांधकामबंदी घातली तर जमीनमालकाच्या नुकसानीची भरपाई ठरवण्याची तरतूद त्यात आहे. पिंपरी-चिंचवडकरांना रेड झोन हा शब्द नवा नाही. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती २००० यार्डांचा पट्टा याच कायद्याखाली येतो. इंग्रजांनी केलेल्या कायद्यात न घेतलेल्या जमिनीचंही नुकसान मोजलं जातं आणि १९६६ च्या आपल्या कायद्यात मोजलं जात नाही.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती मालकांच्या बाजूनं बोलणारे सहसा टाळतात. निर्बंधामुळे किंमत पडली तर भरपाई हवी, मग झोन बदलून किंमत दहापट झाली तर ती वाढ कुणाची? गोव्यात नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली 'चुका दुरुस्त' करण्याच्या नावावर एकेका प्लॉटचा झोन बदलला जात होता. मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठानं मार्च २०२५ मध्ये त्यासाठीचे नियम रद्द केले. तोवर भातशेतीचे आणि डोंगरउताराचे कितीतरी तुकडे नकाशावर वस्तीच्या रंगात गेले होते. रंग बदलला की मिळणारा फायदा मालकाचा आणि रंग बदलला की होणारा तोटा जनतेनं भरायचा, हे समीकरण कुठल्याच शहराला झेपणारं नाही.

पुण्याच्या टेकड्या

हा सगळा पेच एका जागी बघायचा तर पुण्यात बघावा. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांमधल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यान, म्हणजे बीडीपी दाखवलं गेलं. क्षेत्र ९७८ हेक्टर. शहराची फुप्फुसं वाचवायची तर टेकड्यांवर बांधकाम नको, ही मागणी पुणेकरांनी वर्षानुवर्षं लावून धरली होती आणि ती योग्यच होती. पण या टेकड्यांची बरीच जमीन खासगी आहे. सातबाऱ्यावर शेतकऱ्यांची नावं आहेत.

२०१५ मध्ये राज्य सरकारनं बीडीपी कायम केलं आणि मोबदला ठरवला ८ टक्के टीडीआर.

हिशेब करून बघा. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. बीडीपीत एक एकर दिली तर ८ टक्क्यांनी साधारण ३,४८५ चौरस फुटांचा टीडीआर मिळतो. तीच एक एकर सपाटीवर, गावठाणाबाहेर, साध्या बागेच्या आरक्षणात असती तर सध्याच्या नियमानं जमिनीच्या दुप्पट, म्हणजे ८७,१२० चौरस फूट मिळाले असते. पंचवीसपट फरक. सरकारचं म्हणणं असं की टेकडीवर तसंही फारसं बांधता येत नाही, मग सपाट जमिनीचा भाव कसा द्यायचा? मालकांचं म्हणणं असं की उद्यान सगळ्या पुण्याला हवंय, तर वर्गणी फक्त आम्ही का द्यायची?

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण ८ टक्क्यांवर जमीन द्यायला मालक फारसे पुढे आले नाहीत, हे वास्तव आहे. ताब्यात न आलेल्या टेकडीची राखणही होत नाही. गुंठ्या-गुंठ्यानं विक्री होते, रात्रीत पत्रे उभे राहतात. ज्यानं नियम पाळून जमीन मोकळी ठेवली त्याच्या हातात काही नाही आणि ज्यानं गुंठेवारी केली तो पैसे घेऊन मोकळा. भरपाईत काटकसर करून टेकडी वाचवायला निघालेल्या शहराची टेकडीच त्यातून पोखरली जाते.

२०२५ मध्ये राज्य सरकारनं बीडीपी आणि डोंगरमाथा-डोंगरउताराच्या प्रश्नावर निवृत्त सनदी अधिकारी रामनाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच वर्षी २०१५ च्या मंजुरीला दहा वर्षं झाली. बीडीपी हा झोन म्हणायचा की आरक्षण, हा प्रश्न त्यामुळे आता नुसता शब्दांचा उरलेला नाही. झोन म्हटलं तर कलम १२७ लागूच होत नाही आणि मालकांना ८ टक्क्यांवर समाधान मानावं लागेल. आरक्षण म्हटलं तर दहा वर्षं भरल्यावर कुणीही मालक महापालिकेला नोटीस देऊ शकतो आणि चोवीस महिन्यांचं घड्याळ सुरू होतं. तेवढ्या वेळात पैसे उभे करून टेकडी ताब्यात घ्यायची, की मोबदला वाढवून मालकांना संमतीला आणायचं, हे महापालिका आणि राज्य सरकारला पहिली नोटीस येण्याआधी ठरवावं लागेल.